दोन भाऊ आणि बुडत चाललेला धंदा: चित्रकादंबरी करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भावाभावांची आणि घरच्या धंद्याची चित्रकादंबरी लिहायला, काढायला आणि छापायला निघालेल्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. समजायला सोपं जावं म्हणून उदाहरणाला बहुतेक ठिकाणी एकच धंदा घेतला आहे: खिळ्यांचा छापखाना, म्हणजे धातूची सुटी अक्षरं (खिळे) जुळवून छापणारा. ऑफसेट हे त्याला मागे टाकणारं नवं तंत्र, त्यात खिळ्यांऐवजी प्लेटवरून छापतात. तुमचा धंदा वेगळा असेल तर अवजारं आणि आकडे बदला. पद्धत तीच चालेल.

सुरुवात भावांपासून करावी की धंद्यापासून?

धंद्यापासून. बहुतेक जण आधी भावांचे स्वभाव लिहून काढतात: थोरला कर्तव्यदक्ष, धाकटा स्वप्नाळू. मग चाळीस पानं झाली की गाडी अडते, कारण दोन स्वभाव नुसते समोरासमोर बसवून चित्रं सुचत नाहीत. "तू मला कधी समजूनच घेतलं नाहीस" हे वाक्य काढायचं कसं? पण "ऑफसेट मशीन घ्यायचं की नाही" यात मशीन आहे, कर्जाचा कागद आहे, सही आहे, सही करायला नकार देणारा हात आहे.

एका कोऱ्या पानावर आधी एवढं लिहा: धंदा काय विकत घेतो, कोणाकडून, किती दिवसांच्या उधारीवर, त्याचं काय बनवतो, किती माणसांच्या हातून, कोणाला विकतो आणि पैसे कधी हातात येतात. त्याखाली असे सहा निर्णय लिहा, ज्यांवर दोन शहाण्या माणसांचं प्रामाणिकपणे दुमत होऊ शकेल. छापखान्यात ते असे निघतात: जुना मोठा गिऱ्हाईक उधारी थकवतो, त्याचं काम थांबवायचं का; जागा गहाण टाकून नवं मशीन घ्यायचं का; खिळे जुळवणाऱ्या जुन्या माणसाला ठेवायचं का; आपला दोघांचा पगार बंद करायचा का; मशीन विकायचं का; धंदा कधी बंद करायचा. प्रत्येक निर्णयाला तारीख, एक आकडा आणि दोघांची बाजू द्या. सहापैकी निदान दोन वेळा थोरला बरोबर असला पाहिजे आणि निदान दोन वेळा धाकटा. एकच भाऊ कायम बरोबर असेल तर दुसरा खलनायक होतो आणि पुस्तक तिसाव्या पानाला संपतं.

कोणता धंदा निवडावा?

ज्यात हातांना काम आहे आणि वस्तू डोळ्यांना दिसते असा. कच्चा माल आत येताना, त्याचं रूप बदलताना आणि तो बाहेर जाताना वेगळा दिसला पाहिजे. नुसती दलाली किंवा संगणकावरचं काम चित्रात फार लवकर रटाळ होतं.

धंद्याच्या मागे खरा इतिहास असेल तर तारखा आयत्या मिळतात. अक्षरजुळणीच्या धंद्यात लायनोटाइप (ओळच्या ओळ धातूत ओतणारं यंत्र) 1886 मध्ये कामाला लागलं, कागदावरची ऑफसेट छपाई विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आली आणि 1985 मध्ये लेझर प्रिंटर व पेजमेकर हे पानं लावायचं सॉफ्टवेअर एकत्र आल्यावर टेबलावर बसून पान लावता येऊ लागलं. घड्याळदुरुस्तीवाल्यांसाठी तारीख आहे 25 डिसेंबर 1969: त्या दिवशी सेकोचं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आलं. फोटो स्टुडिओची गोष्ट असेल तर हे लक्षात ठेवा: कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना 1975 मध्ये तयार केला आणि कोडॅकनं दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितलं ते जानेवारी 2012 मध्ये. मध्ये सदतीस वर्षं. म्हणजे थोरला भाऊ त्यातली वीसेक वर्षं "काही होत नाही" असं म्हणाला तर तो मूर्ख ठरत नाही, त्या काळात ते खरंच होतं. कादंबरीला अशीच संथ घसरण लागते. एका रात्रीत बुडालेल्या धंद्यात भावांना भांडायला वेळच मिळत नाही.

धंदा बुडतो म्हणजे आकड्यांत नेमकं काय होतं?

रुपयांचा विचार सोडा, शेकड्यात मांडा. महिन्याची विक्री 100. कागद-शाईला 55, पगाराला 20, भाडं आणि विजेला 10, व्याजाला 5. उरले 10. घर चालतं, कोणी तक्रार करत नाही.

आता विक्री 80 वर आली. कागद-शाई विक्रीच्या प्रमाणात उतरते, म्हणजे 44. पण पगार, भाडं आणि व्याज जागचे हलत नाहीत; ते 35 च राहतात. उरला 1. विक्री पाचव्या भागानं कमी झाली आणि नफा दहाचा एक झाला. विक्री 70 झाली की कागद-शाई साडेअडतीस, वरचे 35, आणि दरमहा साडेतीनचा खड्डा. या धंद्याची काठावरची विक्री, म्हणजे नफाही नाही आणि तोटाही नाही अशी, साधारण 78 आहे. तिच्या वर-खाली होणारी विक्री हेच तुमच्या कादंबरीचं कथानक.

या हिशोबातून भावांची भूमिका आपोआप निघते. विक्री 100 वरून 90 वर येते तेव्हा धाकटा घाबरतो, कारण वही तो लिहितो. थोरल्याला मशीन चालू दिसतं, माणसं कामात दिसतात. त्याच्या डोळ्यांना 90 आणि 100 यांत फरक कळत नाही. दोघेही खरं बोलत असतात.

दुसरी गोष्ट उधारीची. कागदवाल्याला 30 दिवसांत पैसे द्यायचे आणि गिऱ्हाईक 90 दिवसांनी देतो, तर मधले 60 दिवस धंदा स्वतःच्या खिशातून चालतो. गंमत नाही, खरं आहे: मोठं काम मिळालं की हा खड्डा आणखी खोल होतो, कारण कागद आधी घ्यावा लागतो. वहीत नफा दाखवणारा धंदा रोकड नसल्यामुळे बंद पडू शकतो. मोठी ऑर्डर मिळाल्याचा आनंद आणि त्याच ऑर्डरमुळे आलेली ओढाताण असं एखादं प्रकरण जरूर ठेवा. वाचकाला ते अनपेक्षित वाटतं आणि हिशोबानं ते अगदी बरोबर असतं.

बुडण्याचं कारण एकच द्यावं की अनेक?

तीन. एक बाहेरचं, एक आतलं, एक निव्वळ नशीब. "नवं तंत्र आलं आणि सगळं संपलं" एवढंच असेल तर भावांना करण्यासारखं काही उरत नाही. आतलं कारण सर्वांत महत्त्वाचं, आणि ते आधीपासून पानावर दिसलेलं हवं. उदाहरणार्थ, निम्मं काम एकाच गिऱ्हाइकाकडून येतं. पहिल्या प्रकरणात ही फुशारकीची बाब असते. चौथ्यात तेच गिऱ्हाईक जातं.

भागीदारीचा कायदाही नीट समजून घ्या. साध्या भागीदारीत बहुतेक ठिकाणी पेढीच्या सगळ्या कर्जाला प्रत्येक भागीदार जबाबदार असतो, स्वतःच्या मालमत्तेसकट. म्हणजे एकानं पेढीच्या नावावर केलेली सही दुसऱ्याच्या घरापर्यंत पोचते. भावांच्या गोष्टीला याहून जड गाठ दुसरी नाही.

हे सगळे आकडे वाचक वाचेल का?

वाचणार नाही, म्हणून ते बोलून दाखवू नका. एका प्रकरणात संवादात एकच आकडा येऊ द्या. बाकीचे वस्तूंत घाला. मागच्या भिंतीला कागदाची रिमं रचलेली असतात. पहिल्या प्रकरणात चाळीस काढा, तिसऱ्यात पंचवीस, पाचव्यात सहा. कोणीही त्यांच्याकडे बोट दाखवू नये. तसंच दिव्यांचं: चार नळ्या, मग तीन, मग फक्त मशीनवरची एक. कामगारांच्या डब्यांची फळी, चपलांची रांग, भिंतीवरची घड्याळं, पाटीवरचा रंग. अशा चार-पाच वस्तू निवडा आणि त्यांचा प्रकरणवार तक्ता करा. वाचकाला तिसऱ्या प्रकरणात नुसतं वाटू लागतं की खोली मोठी झाली आहे. तेच हवं.

कालक्रमाचा तक्ता कसा करावा?

आडव्या मोठ्या कागदावर किंवा स्प्रेडशीटमध्ये, एका वर्षाला एक ओळ. रकाने: वर्ष, थोरल्याचं वय, धाकट्याचं वय, वडिलांचं वय (किंवा मृत्यू), धंद्याची विक्री शेकड्यात, कर्ज, माणसं किती, खोलीत काय बदललं, बाहेरच्या जगात काय आलं, कोण कोणाशी बोलत नाही. शेवटचा रकाना थट्टेनं लिहिलेला नाही. अबोला कोणत्या वर्षापासून आहे हे न ठरवता काढलेल्या पुस्तकात भाऊ पान 60 वर बोलतात आणि पान 64 वर दहा वर्षं बोललेले नसतात.

गोष्ट मागे-पुढे जात असेल तर तक्ता आणखी गरजेचा. प्रत्येक काळाला एक दृश्य खूण द्या, चष्मा, केसांचा भांग किंवा मशीनचा रंग, म्हणजे दर वेळी "वीस वर्षांपूर्वी" अशी पट्टी लावावी लागणार नाही.

दोघं भाऊ सारखे दिसतात आणि वाचक गोंधळतो. काय करावं?

चेहऱ्याच्या आधी बाह्यरेषा वेगळी करा. दोघांच्या आकृती पूर्ण काळ्या भरा आणि 2 सेंटिमीटर उंचीला लहान करून बघा. तरीही कोण कोणता हे कळलं पाहिजे. एकाचे खांदे पुढे झुकलेले, दुसऱ्याची मान ताठ. एकाचं वजन टाचेवर, दुसऱ्याचं चवड्यावर. मिशी, चष्मा यांवर भिस्त ठेवू नका, कारण पाठमोऱ्या चौकटीत त्यातलं काहीच दिसत नाही.

घरचं साम्य मात्र ठेवायलाच हवं. दोन गोष्टी सारख्या ठेवा, बहुधा नाक आणि कान. तीन वेगळ्या ठेवा, म्हणजे जबडा, भुवया आणि केसांची रेघ. वडिलांचा चेहरा आधी काढा आणि त्यातून दोघांना वाटून द्या. मग हातांची सवय: थोरला बोलताना कागदाची कड अंगठ्यानं चाचपतो, धाकटा पेनचं टोपण लावतो-काढतो. चेहरा नसलेल्या चौकटीतही माणूस ओळखू येतो.

प्रत्येकाचं नमुनापत्रक चार वयांचं करा: 10, 25, 45, 65. समोरून, बाजूनं, पाऊण कोनातून, पाठीमागून. वय दाखवायला सुरकुत्यांची जाळी काढू नका. छापल्यावर ती घाण दिसते. लहान मुलाचे डोळे डोक्याच्या मध्याच्या खाली असतात आणि वाढीबरोबर मध्यावर येतात. म्हातारपणी वरची पापणी उतरते, कान आणि नाक मोठे दिसतात, ओठ पातळ होतात, मान पुढे येते, उंची थोडी घटते. एवढ्या पाच-सहा बदलांत काम होतं.

छापखाना काढताना काय हमखास चुकतं?

सर्वांत आधी अक्षराची दिशा. खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं. चित्रकार ते सुलट काढतात आणि जाणकार वाचक पहिल्याच पानाला पुस्तकावरचा विश्वास गमावतो. जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा, कंपोझिंग स्टिक (ओळ लावायची छोटी पट्टी) डाव्या हातात धरतो, उजव्या हातानं खणातून खिळा उचलतो आणि ओळ डावीकडून उजवीकडे लावतो, पण अक्षरं डोक्यावर उभी असतात. तो तशीच वाचतो. नजर खणाकडे, अंगठा शेवटच्या खिळ्यावर. नाहीतर ओळ कोसळते. पानभर ओळी आधी गॅलीत (लांबट तबकात) जातात आणि मग लोखंडी चौकटीत, म्हणजे चेसमध्ये, आवळल्या जातात.

ऑफसेटमध्ये याच्या नेमकं उलट: प्लेटवरचं अक्षर सुलट दिसतं, ब्लँकेटच्या रबरावर उलटं होतं आणि कागदावर पुन्हा सुलट येतं. एक भाऊ खिळ्यांचा आणि दुसरा ऑफसेटचा, अशी गोष्ट असेल तर हा फरक तुमच्यासाठी सोनं आहे. उलटं वाचणारे आणि सुलट वाचणारे डोळे एकाच पानावर समोरासमोर ठेवता येतात, एक अक्षरही न लिहिता.

ट्रेडल मशीनवर (पायानं चालवायच्या खिळ्यांच्या छापयंत्रावर) माणूस बहुधा उजव्या हातानं कोरा कागद घालतो आणि डाव्या हातानं छापलेला काढतो. मशीन उघडतं-मिटतं त्या वेळातच हे झालं पाहिजे. बोटं चिरडायची ती इथेच. वरची गोल थाळी शाई पसरवायची असते आणि प्रत्येक छापाबरोबर ती थोडी फिरते. रूळ त्या थाळीवरून खाली खिळ्यांवर येतात. मोठं चाक बाजूला असतं, समोर नाही. हाती कागद घालून तासाला साधारण हजारभर छाप निघतात, लहान ऑफसेटवर त्याच्या कितीतरी पट. एकाच आकाराच्या दोन चौकटी काढा: एकीत ट्रेडलशेजारी कागदाचा बोटभर गठ्ठा, दुसरीत ऑफसेटशेजारी गुडघ्याएवढा. ऑफसेट का घ्यायचं हा वाद तिथेच संपतो.

खिळ्याची उंची सुमारे 23.3 मिलिमीटर, धातू शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरं असल्यामुळे शेकडो खण लागतात. म्हणून जुळाऱ्यापुढे एकाऐवजी अनेक केसा (खणांच्या पेट्या) उभ्या असतात आणि त्याच्या हाताला खणांची जागा पाठ असते. छापून झाल्यावर प्रत्येक खिळा पुसून पुन्हा आपापल्या खणात टाकावा लागतो. या कामाचे पैसे कोणी वेगळे देत नाही. धंदा घसरताना आधी हेच काम मागे पडतं, खण रिकामे राहतात आणि नव्या कामाला "र" कमी पडतो. असा तपशील कल्पनेनं सुचत नाही. तो कामाच्या जागी उभं राहून मिळतो, म्हणून तुमचा धंदा कोणताही असो, तो करणाऱ्याच्या हातांचे फोटो आणि छोटे व्हिडिओ आधी गोळा करा.

एकच खोली दीडशे पानं कशी काढायची?

जमिनीचा नकाशा काढा, 1:50 प्रमाणात. दारं, खिडक्या, मशीनं, वह्यांचं कपाट, थोरल्याचं टेबल, धाकट्याचं टेबल. सकाळचं ऊन कोणत्या खिडकीतून येतं ते ठरवा. मग पुठ्ठ्याचं 1:20 चं साधं मॉडेल करा किंवा ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये ठोकळे मांडा. फोटो काढून त्यावरून यथादर्शन (पर्स्पेक्टिव्ह) घ्या. मॉडेलवर एक दिवस गेला तर पुढचे कित्येक आठवडे वाचतात.

टेबलं कशी ठेवली हे फार बोलतं. सुरुवातीला समोरासमोर, मग एकाची पाठ दुसऱ्याकडे, मग मध्ये कपाट. दोघं बोलत असताना दोघांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूनं बघा, म्हणजे थोरला कायम डावीकडे राहील. ज्या चौकटीत धाकटा पहिल्यांदा वरचढ होतो, तिथे ती रेषा मुद्दाम ओलांडा. पुस्तकभरात एकदा, फार तर दोनदा.

किती पानं, किती चौकटी, किती वेळ?

छापखान्यात पानं 16 च्या फर्म्यात (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या गठ्ठ्यात) जातात, म्हणून एकूण संख्या 16 च्या पटीत धरा. 160 पानांत सुरुवातीची-शेवटची 8 वजा केली की गोष्टीला 152 उरतात. पानाला सरासरी साडेपाच चौकटी धरल्या तर साधारण 836 चौकटी. एका पानाला पेन्सिल, शाई, अक्षरं आणि रंग मिळून 14 तास धरले तर 2128 तास. आठवड्याला 20 तास देणाऱ्याला दोन वर्षांहून थोडं जास्त. लिखाणाचे आणि कच्च्या आराखड्याचे महिने यात धरलेले नाहीत.

कच्चा आराखडा संपूर्ण पुस्तकाचा करा, अंगठ्याएवढ्या चौकटींत, आणि तो दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्या. तिथे पान टाकून देणं फुकट असतं. शाई झाल्यावर टाकायचं झालं तर जीव जातो. आणि पहिलं प्रकरण सर्वांत आधी शाईत काढू नका. मधलं एखादं काढा. पहिल्या वीस पानांत हात बसत असतो, आणि वाचक पुस्तक घ्यायचं की नाही ते पहिली पानं चाळूनच ठरवतो.

भांडणाचं पान कसं रचावं? एखादा नमुना द्याल?

सहा समान चौकटींचं पान घ्या, दोन उभ्या रकान्यांत तीन-तीन. प्रसंग: जागा गहाण टाकल्याचं धाकट्याला कळतं.

चौकट 1: धाकट्याचा हात वहीत. रकान्यात व्याजाची नवी ओळ.
चौकट 2: तेच बोट ओळीवर थांबलेलं. मागे मशीनचा आवाज, अक्षरांत.
चौकट 3: थोरला मशीनवर, पाठमोरा. धाकट्याचा फुगा (बोलणं लिहायचा गोल) चौकटीबाहेरून येतो: "दादा, हे व्याज कशाचं?"
चौकट 4: थोरल्याचे हात. कागद घातला, कागद काढला. फुगा नाही.
चौकट 5: मशीन थांबलेलं. आवाजाची अक्षरं गायब.
चौकट 6: थोरल्याचा चेहरा, पुस्तकात इतक्या जवळून पहिल्यांदाच. "जागेचं."

हे पान उजवीकडचं असू द्या. धाकट्याचं उत्तर पान उलटल्यावर, एकाच मोठ्या चौकटीत. बरेच जण इथे सहाही चौकटी चेहऱ्यांनी भरतात, कपाळावर आठ्या, ओठ आवळलेले, आणि मग सहाव्या चौकटीसाठी हातात काही उरत नाही. हात, वस्तू आणि थांबलेला आवाज आधी वापरा.

संवाद किती लिहावा?

एका फुग्यात वीस-पंचवीस शब्द ही वरची मर्यादा, एका चौकटीत दोन फुगे. एकत्र वाढलेले भाऊ एकमेकांना माहीत असलेली गोष्ट समजावून सांगत नाहीत. "आपल्या वडिलांनी ज्या छापखान्यासाठी आयुष्य वेचलं" असं कोणी भावाला म्हणत नाही; तो म्हणतो, "अण्णा असते तर?" माहिती द्यायचीच असेल तर ती बाहेरच्या माणसाला द्या: वसुलीवाला, नवा कामगार, मशीन बघायला आलेलं गिऱ्हाईक.

देवनागरीत फुग्यांतली अक्षरं नीट येत नाहीत. कारण काय?

कारणं चार-पाच आहेत आणि ती वेगवेगळी सोडवावी लागतात.

इंग्रजीसाठी आखलेल्या फुग्यात ओळींमधलं अंतर कमी असतं. देवनागरीला शिरोरेषेच्या वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार-ऊकार दोन्ही असल्यामुळे ते पुरत नाही; अक्षराच्या आकाराच्या 130 ते 140 टक्के अंतर ठेवा. छापील आकार 9 ते 10 पॉइंट. त्याखाली जोडाक्षरांची पोटं भरून येतात. फुग्याच्या कडेपासून चारही बाजूंना निदान एका अक्षराएवढी मोकळी जागा सोडा.

इंग्रजी कॉमिक्समध्ये मजकूर बहुधा कॅपिटल अक्षरांत असतो आणि जोर ठळक-तिरक्या अक्षरांनी देतात. देवनागरीत कॅपिटल अक्षरांची सोयच नाही आणि तिरकी केलेली शिरोरेषा पडल्यासारखी दिसते. जोर ठळक अक्षरानं द्या, ओरडणं आकारानं.

फॉन्ट युनिकोडच घ्या. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लावलेला मजकूर पुढे शोधता येत नाही, ईपुस्तकात फुटतो आणि दुरुस्तीला पुन्हा टाइप करावा लागतो. हस्ताक्षराच्या वळणाचा कलम, गोलसर बालू आणि साधा मुक्ता हे मुक्त परवान्याचे आहेत. कोणताही फॉन्ट निवडण्यापूर्वी "दुसऱ्या", "तऱ्हा", "ज्ञ", "क्ष", "ट्ठ", "द्ध" एवढं टाइप करून बघा. "ल" आणि "श" यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. बऱ्याच फॉन्टमध्ये ती असतात, पण मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय दिसत नाहीत.

चित्रं काढायच्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. मजकूर पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. इनडिझाइन या अशाच सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय निवडली नाही तर तिथेही हाच गोंधळ होतो. हातानं लिहिणार असाल तर शिरोरेषेसाठी आणि अक्षराच्या पायासाठी अशा दोन रेघा निळ्या पेन्सिलीनं आखून घ्या. आधी ओळभर अक्षरं लिहा, मग शिरोरेषा ओढा. आणि फुगे शाईच्या आधी, पेन्सिलीच्या टप्प्यावरच चित्रात बसवा. शेवटी बसवलेला फुगा कोणाचं तरी डोकं खातोच.

रंगीत करावं की काळं-पांढरं?

काळ्याबरोबर एकच जादा रंग, हे या विषयाला सर्वांत चांगलं बसतं. धंदा चालत होता तेव्हाचा काळ एका उबदार छटेत, घसरणीचा राखाडी-निळ्यात, असं करता येतं; पण उमाळ्याच्या प्रत्येक प्रसंगाला छटा बदलू नका. चार रंगांत छापणार असाल तर फुग्यातला मजकूर 100 टक्के काळा आणि फक्त काळा ठेवा. चारही रंग मिसळून केलेलं काळं अक्षर छपाईत किंचित सरकलं की कडेला रंगीत सावली येते.

मूळ चित्रं कोणत्या आकारात काढावीत?

पुस्तक 17 × 24 सेंटिमीटरचं असेल तर दीडपट, म्हणजे 25.5 × 36. ए3 कागदावर कडेला जागा सोडून हे बसतं. गुळगुळीत, जाड कागद, 250 ते 300 जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम). पाण्यानं न पसरणारी काळी शाई. दीडपटीहून मोठं काढलं तर बारीक रेघा छापताना नाहीशा होतात. मूळ चित्रातली सर्वांत बारीक रेघ 0.3 मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका. स्कॅन 600 डीपीआयवर (इंचाला 600 ठिपके) करडं, म्हणजे ग्रेस्केल, घ्या, साफ करून छपाईच्या आकारात 1200 डीपीआयची शुद्ध काळी-पांढरी फाइल करा. रंगाचा थर वेगळा, 300 ते 400 डीपीआय.

गोष्ट आमच्याच घरची असेल तर?

नावं बदलणं पुरेसं नसतं. धंदा, भावांमधलं अंतर, गाव आणि निर्णायक प्रसंग यांपैकी निदान दोन गोष्टी बदला. जिवंत माणसांना आराखडा दाखवा आणि त्यांची परवानगी लेखी घ्या, तीही शाईच्या आधी. कर्ज, फसवणूक, व्यसन अशा गोष्टी कोणावर येत असतील तर वकिलाला पानं दाखवा. घरच्या वह्या आणि पत्रं खजिना असतात, पण चित्रात उतरवताना खऱ्या गिऱ्हाइकांची नावं आणि खाते क्रमांक येणार नाहीत हे स्वतः तपासा.

धंदा शेवटी वाचवावा की बुडवावा?

बुडू द्या, पण बंद होण्याची पूर्ण रीत दाखवा, कारण ती क्वचितच कोणी दाखवतं. कामगारांचा हिशोब, वसुलीची यादी, मशीन बघायला येणारे लोक, जागेची मोजणी, वीज तोडणं. छापखान्यात खिळे शेवटी धातूच्या भावानं, वजनावर जातात. शेकडो खण एका पोत्यात रिकामे होतात आणि काट्यावर एकच आकडा येतो. या एका प्रसंगाला निदान आठ पानं द्या; घाईत दोन पानांत उरकलेला शेवट हा अशा पुस्तकांचा नेहमीचा दोष आहे. भावांचा समेट त्याच प्रकरणात कोंबू नका. समेट करायचाच असेल तर तो आधी, एखाद्या कामाच्या निमित्तानं होऊ द्या.

छपाईला देण्यापूर्वी काय तपासावं?

कडेला जाणाऱ्या चित्रांना चारही बाजूंना 3 मिलिमीटर जादा आहे का. मजकूर कापायच्या रेषेपासून निदान 10 मिलिमीटर आत आणि बांधणीच्या बाजूला 15 ते 20 आत आहे का. 160 पानांचं पुस्तक पूर्ण सपाट उघडत नाही आणि मधला फुगा खाचेत जातो. समोरासमोरच्या पानांच्या जोड्या बरोबर आहेत का, कारण सुरुवातीला एक पान वाढलं की पान उलटल्यावर दिसायचं ते सगळं आधीच दिसतं. 120 जीएसएमच्या साध्या कागदाची एक पत्ती सुमारे 0.15 मिलिमीटर जाड धरली तर 80 पत्त्यांचा कणा 12 मिलिमीटरचा होतो. मुखपृष्ठाची फाइल करण्यापूर्वी छापखान्याकडून त्याच कागदाची कोरी प्रत बांधून घ्या आणि कणा प्रत्यक्ष मोजा. शेवटी एक फर्मा त्याच कागदावर छापून मागवा, तोही सर्वांत काळ्या पानांचा. दुसऱ्या बाजूचं काळं इकडे दिसत असेल तर कागद बदला; फाइलमध्ये त्यावर इलाज नाही.